कुलूप स्पष्ट, चेहरा पुसलेला

आमच्या दाराचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तो बिल्डरच्या माणसांनी आमच्या खोलीवर घेतलेल्या हरकतीला जोडलेल्या कागदावर. लग्न होईपर्यंत ज्या दारातून आत-बाहेर केलं, त्याचा आमच्याकडे एकही फोटो नव्हता. दाराचे फोटो कोण काढतं? माझ्या पाठवणीच्या वेळचा एक आहे, पण त्यात माझा शालू दिसतो आणि मामाची पाठ. आणि इथे आमचं दार चक्क रंगीत छापून आलेलं. निळा रंग, उंबऱ्याशी फुटलेली लादी, कडीला कुलूप आणि वरून ठोकलेली ताडपत्री. खाली एक ओळ होती, सदर खोली बंद असून तेथे कोणीही वास्तव्यास नाही.

तो कागद हातात घेऊन आई त्याच खोलीत, त्याच दाराच्या आत बसली होती. गॅसवर भात शिजत होता.

"मग मी कोण?" तिने मला विचारलं. "भूत?"

मी मुलुंडहून धावत आले होते, डोकं आधीच तापलेलं. म्हटलं, भूत असतीस तर बरं झालं असतं, त्यांच्या मानेवर तरी बसली असतीस.

आमची गल्ली साकीनाक्याच्या मागे. एका बाजूला गाळे, त्यात लेथ, पॅकिंग, बफिंगच्या पॉलिशची काळी धूळ. दुसऱ्या बाजूला आमच्या खोल्यांची रांग. गाळ्यांमुळे टेम्पो आत येतो, एवढाच काय तो रस्ता. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा ते इथे आले, समोरच्याच गाळ्यात पॅकिंगला लागले आणि पै-पै करून ही खोली घेतली. मी कॉलेजात असताना ते गेले. मागे ठेवलं ते एवढंच, दहा बाय बाराची खोली आणि त्यातली मोरी. माझं लग्न झाल्यावर आई तिथे एकटी राहायची. आता गल्ली पाडून इमारत उभी राहणार होती. जो खरोखर खोलीत राहतो तो पात्र, त्याला इमारतीत घर. जो अपात्र, त्याची खोली पाडणार आणि त्याच्या हातात काही नाही. आईकडे रेशनकार्ड होतं, वीजबिलं होती, सगळं होतं. पण नुसते कागद असून भागत नाही म्हणे, माणूस आजही तिथे राहतो का तेही बघतात. आणि त्यांनी बघितलं होतं ते हे कुलूप.

आता त्या कुलपाचं सांगते. तो फोटो मे महिन्यातला होता. कोकणातल्या माणसाचं मुंबईतलं घर मे महिन्यात बघायला यायचं आणि म्हणायचं की इथे कोणी राहत नाही! अरे, मेमध्ये आमच्या अख्ख्या रांगेत कावळा ओरडायचा नाही. आंबे, फणस, कुणाचं लग्न, देवीचा गोंधळ, सगळी गावाला. आई तर एप्रिल संपला की पिशव्या भरायला घ्यायची आणि पावसाचे चार थेंब पडल्यावरच परत यायची. निघताना तिची एक पद्धत होती. पाऊस आधी आला तर दाराखालून पाणी आत जाऊ नये म्हणून वरून ताडपत्री ठोकायची, बादली पालथी घालायची, दाराचं तोरण काढून आत ठेवायचं. तुळस समोरच्या गाळ्यातल्या भय्याकडे द्यायची, तो पाणी घालायचा. म्हणजे दाराबाहेर जिवंत म्हणून काही उरायचंच नाही. बाई जेवढी घराची काळजी घेणारी, तेवढं तिचं घर ओसाड दिसणार. सर्व्हेवाली माणसंही तेव्हाच येऊन गेली होती. आणि त्याच महिन्यात कधीतरी ती डोक्यावर खांब आणि खांबावर गोळा लावलेली गाडी आमच्या गल्लीतून फिरून गेली.

"सांगून आले असते तर मी दार उघडून बसले नसते?" आई म्हणाली. तिला वाटत होतं की कोणीतरी मेला मुद्दाम येऊन आमच्याच दारासमोर उभा राहिला आणि फोटो काढून गेला. मी तिला समजावलं की तसं नाही, ती गाडी सगळ्या मुंबईचे फोटो काढते, मॅपमध्ये टाकते, जगातला कोणीही बघू शकतो.

"कोणाला विचारून?"

 खरं तर मी पोट भरते तेच त्या मॅपवर. घरपोच सामान देणाऱ्या एका कंपनीत मी तक्रारींच्या टेबलावर बसते. डिलिव्हरीवाला पोरगा रस्ता चुकला की मी स्क्रीनवर त्याच्या गल्लीत उतरते आणि सांगते, पुढे हो, डाव्या हाताला पिरोजी दरवाजा, बाहेर सायकल, तेच घर. दिवसभर मी लोकांच्या दारात डोकावते. कोणी दाढी करतंय, कोणी दगडावर कपडे आपटतंय, तोंडं पुसलेली, बाकी सगळं जसंच्या तसं. मशीनच पुसतं ती तोंडं, आणि त्याला अक्कल किती? भिंतीवरच्या टाइल्समधल्या देवाचंही तोंड पुसतं. आम्ही ऑफिसमध्ये त्यावर हसायचो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी स्क्रीनवर आमची गल्ली उघडली. ते कुलूप तिथे होतंच. पण मॅपमध्ये एक सोय असते, वर महिना-वर्ष लिहिलेलं असतं त्यावर बोट ठेवलं की त्याच जागेचा आधीचा फोटो दिसतो. मला वाटलं, आधीच्या फोटोत दार उघडं असेल, तुळस असेल, तेवढंही पुरे. मी बोट ठेवलं.

दार उघडं होतं. तुळस होती. आणि उंबऱ्यावर आई बसली होती.

चेहरा पुसलेला होता, पण आपली आई काय चेहऱ्यावरून ओळखायची असते? अंगात बाबांचा जुना पट्ट्यांचा शर्ट, खाली परकर, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, एक हात नाकाशी. आणि डोक्यावर एक केस नाही. उन्हात ते डोकं चकचकत होतं. मी हातातला घास परत डब्यात ठेवला. बाजूच्या मुलीने विचारलं, काय झालं गं, आणि मी पटकन स्क्रीन बंद केली, जणू आईच उघडी पडली होती आणि मी तिच्यावर चादर टाकत होते.

ते डोकं माझ्याशिवाय आणि मामाशिवाय कोणीच बघितलं नव्हतं. आईला कॅन्सर झाला त्या वर्षी माझी स्थळं बघणं चालू होतं. आईने पहिल्या दिवशीच तोंडाला कुलूप लावलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणाली. "आईला हा रोग म्हटल्यावर पोरीला कोण करून घेईल? पोरीलाही होईल म्हणतील." मी भांडले तिच्याशी, म्हटलं जे असं म्हणतील त्यांच्या घरी मला जायचंच नाही. ऐकते थोडीच! चाळीत सांगितलं मणक्याचा त्रास आहे. हॉस्पिटलमध्ये पत्तासुद्धा मामाचा दिला, वाकोल्याचा, म्हणजे कुठलं पत्र नको, कोण चौकशीला येणारी बाई नको. मामाही म्हणाला, बरोबर आहे, लिही माझा पत्ता. केस जायला लागले तशी आई चोवीस तास डोक्यावरून पदर घेऊन राहू लागली. पूर्वी ती घरात मॅक्सी घालून फिरणारी बाई. शेजारणी म्हणायच्या, काय गो, एकदम सोवळी झालीस. आई हसून वेळ मारून न्यायची.

त्या वर्षी गणपतीत ती गावाला गेली नाही. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. सगळी रांग रिकामी झाली, समोरचे गाळेही सणाचे बंद, दारांना कुलपं, फक्त आमचं दार उघडं. मी कामाला गेलेली. तीन-चार दिवस पावसाने उघडीप दिली होती आणि आईच्या डोक्याला पदराखाली घामोळं आलं होतं, रात्रभर खाजवायची. गल्लीत बघायला कोणी नाही म्हटल्यावर तिने पदर, साडी सगळं काढून ठेवलं आणि बाबांचा शर्ट घालून उन्हाला जाऊन बसली. सगळ्या आजारपणात तेवढे चार दिवस ती डोकं उघडं ठेवून बाहेर बसली. आणि नेमकी तेव्हाच ती गाडी आली.

माझं डोकं फिरलं. मॅपमध्ये तक्रार करायची जागा असते, घर पुसा, माणूस पुसा, गाडीचा नंबर पुसा. मी ती उघडली आणि लिहायला सुरुवातही केली. खाली बारीक अक्षरात सूचना होती की एकदा पुसलं की ते कायमचं, परत आणता येणार नाही. आणि तिथे माझा हात थांबला. कारण आई त्या खोलीत राहते याचा त्या सगळ्या मॅपमध्ये एवढा एकच पुरावा होता. तोही कोणता, तर जेव्हा सगळी कोकणात गेली होती तेव्हाही ती दारात बसली होती. असा पुरावा मागून मिळाला नसता. तो पुसला तर आईची लाज राहणार आणि खोली जाणार. दाखवला तर खोली कदाचित राहणार, आणि आईने जे एवढं झाकलं ते गल्लीसमोर मांडावं लागणार.

संध्याकाळी मी साकीनाक्याला गेले आणि मोबाइलवर आईला दाखवला. तिने चष्मा लावला, नीट बघितला, आणि पहिलं काय केलं तर डोक्यावर पदर घेतला. आता तिला केस आहेत, पातळ आहेत पण आहेत. तरी घेतला.

"गाडी आली होती खरी," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं मच्छरांच्या धुराची. म्हणून तर नाक दाबलं."

मी फोटोतला तिचा नाकाशी धरलेला हात मोठा करून बघितला.

"हे सगळ्यांना दिसतं?"

"हो."

"गावाला पण?"

"कुठेही. पण आई, तुझं तोंड दिसत नाही. माहीत नसलेल्याला कळणार नाही तू आहेस म्हणून."

"आणि तुला कसं कळलं?" ती म्हणाली. मग फोन माझ्या हातात देत म्हणाली, "पूस ते."

मी तिला सगळं समजावून सांगितलं, खोलीचं, पुराव्याचं.  तिने भाजी निवडायला घेतली. मी म्हटलं, तू नाही म्हणालीस तर मी आता इथे बसून पुसते, माझ्याकडून तुला कसली जबरदस्ती नाही, पण मग खोलीचं काय ते तू मनाची तयारी ठेव. मला तिचा राग आला होता, त्या गाडीचा आला होता, बाबांचा पण आला होता, मेल्यावर एक खोली ठेवून गेले आणि तीही धड नाही. आईने भाजी निवडून संपवली, देठं कागदात गुंडाळली आणि मग म्हणाली, "दाखव. झाकायचं म्हटलं तरी झाकायला दार पाहिजे ना. दारच गेलं तर मी काय झाकणार आहे?"

सुनावणीला आमच्या रांगेतल्या सगळ्यांना एकाच दिवशी बोलावलं होतं. वरच्या मजल्यावरचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एकाचं चाललेलं सगळ्यांनी ऐकायचं. मला वाटलं होतं आत बंद खोलीत होईल. आईलाही तसंच वाटलं होतं. तिने मागे वळून बघितलं तर पाठीमागच्या रांगेत शेजारची काकू, तिची सून, कोपऱ्यावरचे सगळे. आईचा हात माझ्या मनगटावर होता, तो घट्ट झाला.

काकूने आपणहून उठून सांगितलं की ही बाई इथेच राहते, मी भिंतीला भिंत लावून राहते, मला माहीत नाही तर कोणाला. सुनावणी घेणारे साहेब वाईट नव्हते, नुसते कंटाळलेले होते. म्हणाले, "आजी, तुम्ही सगळे एकमेकांचे साक्षीदार. आज तुम्ही यांच्यासाठी, उद्या त्या तुमच्यासाठी. फोटो बोलतो तेवढंच मी धरणार."

बिल्डरचा माणूस माझ्याच वयाचा असेल. मराठीच, बोलायला गोड, आईला मावशी म्हणत होता. त्याने टॅबवर कुलूप दाखवलं. बोटांनी मोठं करून दाखवलं. ताडपत्रीचे खिळे मोजता येत होते.

मी म्हटलं, मॅपच धरायचा तर पूर्ण धरा, आणि माझी प्रिंट पुढे ठेवली. "हा त्याच्या आधीचा फोटो. दार उघडं आहे, खोली नंबर दिसतोय. माझी आई दारात बसली आहे."

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. "आई?" ते म्हणाले. "हा तर पुरुष आहे. म्हातारा कोणीतरी. यांचे मिस्टर का?"

"मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली," आई म्हणाली.

"मग हा कोण बसलाय?"

बिल्डरच्या माणसाला आयतंच कोलीत मिळालं. "साहेब, म्हणजे खोली भाड्याने दिली होती. मूळ मालक राहतच नव्हते. आम्ही तेच म्हणतोय."

 मी आणलेला पुरावा माझ्याच गळ्यात येत होता. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी आई उठून उभी राहिली. तिने खुर्चीची पाठ धरली होती.

"तो पुरुष नाही, मी आहे," ती म्हणाली. "शर्ट आमच्या ह्यांचा आहे. मला तेव्हा कॅन्सर झाला होता. केस गेले होते सगळे. गल्लीत कोणी नव्हतं म्हणून उन्हाला बसले होते."

 मी मागे बघितलं नाही, माझी हिंमत झाली नाही. आई उभीच होती. साहेबांनी चष्मा काढून ठेवला. खरंच सांगते, त्यांचा आवाज बदलला.

"बसा बाई, बसा. तेव्हाचे हॉस्पिटलचे काही कागद आहेत का? फोटोत चेहरा दिसत नाही हो, मी कशावरून लिहू? पण त्या महिन्यांत तुम्ही आजारी होतात आणि ह्या पत्त्यावर होतात असं कागदावर असेल, तर हा फोटो तुमचा म्हणून धरता येईल."

फाइल माझ्या पिशवीत होतीच. मला काय आनंद झाला! मी घाईघाईने काढून दिली. म्हटलं, सुटलो. साहेबांनी पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागले, आणि मीही वाकून बघितलं. एवढी वर्षं ती फाइल माझ्या कपाटात होती, रिपोर्ट बघायला शंभरदा उघडली असेल, पहिल्या पानावरचा पत्ता कोण वाचतं? कोणाचा लिहिला होता ते मी साफ विसरले होते. आईच्या नावाखाली वाकोला लिहिलं होतं. मामाची गल्ली, मामाच्या खोलीचा नंबर. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावर तेच.

"तुम्ही तर वाकोल्याला राहत होतात," साहेब म्हणाले.

बिल्डरच्या माणसाने टॅब मिटून ठेवला. त्याला बोलायची गरजच नव्हती.

मी खूप बोलले. पत्ता का दिला, कोणी दिला, माझ्या लग्नाचं कसं चाललं होतं, सगळं भडाभडा सांगितलं. आवाज चढला माझा. साहेबांनी ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. पण माझं मलाच ऐकू येत होतं की हे किती खोटं वाटतंय. पकडले गेल्यावर माणूस जुळवून सांगतं ना, अगदी तसं.  आई मला म्हणाली, "बस कर गो बाय. चल."

बाहेर जिन्यात काकू आमची वाट बघत थांबली होती. मला वाटलं आता सुरू होईल, आम्हाला का नाही सांगितलंस, आम्ही काय परके होतो. काकू मालवणची, तोंड फाटकं, अख्ख्या गल्लीला तिची भीती. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"माका म्हायत होता गो," ती म्हणाली. "तुमच्या मोरयेतसून गटारात केस येय होते. पुंजकेच्या पुंजके. कोणी बघूच्या आधी मीच काठयेन काडून टाकी होतंय."

आई तिच्याकडे वळली. "मग बोलली का नाहीस?"

"तू सांगूक नाय, म्हणान मी इचारूक नाय."

आई जिन्यात खाली बसली आणि रडली. आजारपणात रडली नव्हती. मी पण रडले, पण मला रडू वेगळ्याच गोष्टीचं येत होतं. ज्या बाईपासून लपवायला म्हणून हॉस्पिटलात वाकोल्याचा पत्ता दिला, ती रोज सकाळी आईचे केस गटारातून उचलत होती. भिंतीपलीकडून तिने सगळं बघितलं आणि कोणाला काही दाखवलं नाही. आणि त्या गाडीने एका क्षणात बघितलं, तोंड तेवढं पुसलं आणि बाकीचं जगाला दाखवलं. आमचा कारभारच उलटा होता, खरा पत्ता दिला असता तर काही बिघडणार नव्हतं.

निकाल आला, अपात्र. अपील करता येतं, केलंय. तारखा पडतात. मधल्या काळात रांग पाडली. बाकीच्यांना भाडं देऊन दुसरीकडे हलवलं, आमच्या दाराचं काय करायचं ते विचारायलाही कोणी आलं नाही. त्या दिवशी मी ऑफिसला सुट्टी टाकली होती. आईने दार पुसून घेतलं होतं, तोरण काढून पिशवीत ठेवलं होतं, तुळस भय्याला दिली होती. अगदी मेमध्ये गावाला निघायची तसं. ताडपत्री मात्र ठोकली नाही.

मी तिला मुलुंडला चल म्हटलं. जावयाच्या घरी राहायचं नाही, हे तिचं ठरलेलं. शिवाय सासूबाईंच्या कानावर सगळं गेलं होतं. त्या वाईट बोलल्या नाहीत, फक्त एकदा म्हणाल्या, "आम्हाला आधी सांगायला हवं होतं, नाही का?" आणि त्यानंतर माझ्या तब्येतीची जरा जास्तच चौकशी करायला लागल्या. आईला ते मी सांगितलं नाही, पण तिला कळलं असणार. ती मामाकडे गेली. वाकोल्याला. हॉस्पिटलच्या कागदावर जो पत्ता होता, त्या पत्त्यावर. मामा बिचारा चांगला आहे, त्याने पोटमाळा रिकामा करून दिला. पण गॅस दुसऱ्याचा, मोरी दुसऱ्याची. आई तिथे पाहुण्यासारखी राहते, स्वतःचं ताट लगेच घासून ठेवते.

एका रविवारी दुपारी मी गेले तेव्हा ती म्हणाली, "दाखव गो ते." मला कळलं काय ते. मी मोबाइलवर गल्ली उघडली, मागचा फोटो काढला. तिने या वेळी पदर घेतला नाही. बराच वेळ बघत होती. स्वतःकडे नाही, बाजूला बघत होती.

"तुळस काय सुरेख आली होती त्या वर्षी," ती म्हणाली. "मंजिऱ्या बघ."

मग फोन परत दिला आणि म्हणाली, "आता पूस. आता तो कोणाला दाखवायचा?"

मी म्हटलं, अपील आहे अजून. ती म्हणाली की प्रिंट आहे ना त्यांच्याकडे, त्यांना हवं तर तिच्यात बघतील. मी म्हटलं, आई, परत येणार नाही हां. ती म्हणाली, "मी तिथे आता परत कशाला जाऊ?" मी तिच्यासमोर बसून तक्रार लिहिली. का पुसायचं त्याचं कारण विचारलं होतं. मी लिहिलं, माझी आई आहे.

काही दिवसांनी त्यांचं उत्तर आलं, झालं म्हणून. मी ऑफिसमध्ये उघडून बघितलं. काकूचं दार लख्ख, तिच्या दाराचं तोरणसुद्धा दिसत होतं. पुढे आमचं दार होतं तिथे राखाडी धूर. दार नाही, तुळस नाही, उंबरा नाही, आई नाही. काच हाताने पुसायला गेलं आणि उलट जास्तच माखली, तसं. माझ्या मनात आलं, दुसरंही बघावं. वरच्या तारखेवर बोट ठेवलं. कुलपाचा फोटो जसाच्या तसा होता. मी अर्ज फक्त एकाच फोटोसाठी केला होता, आईच्या. त्यातली ताडपत्री, खिळे, पालथी बादली, सगळं स्वच्छ.

वाकोल्याला जाऊन मी आईला सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित, पण सासूबाईंचं तेवढं सोडलं तर तिच्यापासून काही झाकायचं नाही असं मी जिन्यातल्या त्या दिवशी ठरवलं होतं. मामाच्या घरात आम्ही दोघीच होतो. ती तांदूळ निवडत होती.

"म्हणजे आता बघणाऱ्याला काय दिसतं?" तिने विचारलं.

"कुलूप लावलेली खोली."

"आणि आधीचं?"

"आधीचं काही नाही. नुसता धूर."

तिने ताटातले तांदूळ एका बाजूला सारले, एक खडा उचलून खिडकीतून बाहेर टाकला.

"म्हणजे त्यांचंच खरं झालं," ती म्हणाली, आणि डोक्यावर पदर घेऊन पुढचे तांदूळ निवडायला लागली.